तटस्थ राज्य युद्धात उतरते तेव्हा : नागपूरकर भोसल्यांचा धडा



आमच्या नागपुरात वसंत व्याख्यानमालेचा वसंत पंचांगात असतो. मंडपात असतो तो चांगला कडक उन्हाळा. तो सोसून आपण इतक्या संख्येने आलात, तेव्हा पाल्हाळ न लावता मुद्द्याला हात घालतो. प्रश्न असा आहे : ‘इतरांच्या भांडणात आपण पडायचे नाही’ असे ठरवून बसलेले राज्य अखेर एखाद्या मोठ्या युद्धात उतरते, तेव्हा त्याच्यात कोणता पालट होतो? जिंकले तर मुलूख मिळतो आणि हरले तर मुलूख जातो, हे उत्तर शाळेच्या पुस्तकातले झाले. मला विचारायचे आहे ते त्यापुढचे. नकाशावरची रेघ सरकते ती सर्वांना दिसते. पण त्या राज्याच्या तिजोरीत, दरबारात आणि खेड्यापाड्यांत काय हलते?

हा विषय निघाला की सुशिक्षितांना पहिली आठवण होते ती अमेरिकेची, आणि ती योग्यच आहे. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले तेव्हा अमेरिका तटस्थ राहिली. ‘यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवले’ या पुण्याईवर विल्सनसाहेबांच्या पक्षाने १९१६ची निवडणूक लढवली आणि जिंकली. पुढे सहा महिन्यांच्या आत, ६ एप्रिल १९१७ रोजी, त्याच विल्सनच्या अमेरिकेने जर्मनीशी युद्ध पुकारले. दीड वर्षात युद्ध संपले, अमेरिका विजयी झाली, तिच्या भूमीवर शत्रूचे सैन्य उतरलेही नाही. तरी घर बदलले ते बदललेच. १९१३ साली सुरू झालेल्या प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ७ टक्के होता; १९१८ साली तो ७७ टक्क्यांवर गेला. सुमारे २८ लाख तरुणांना सक्तीने लष्करात घेतले. युजीन डेब्ज हे समाजवादी पुढारी १९१२च्या अध्यक्षीय निवडणुकीत ९ लाखांवर मते मिळवलेले गृहस्थ. त्यांना १९१८ साली युद्धविरोधी भाषणाबद्दल दहा वर्षांची सजा झाली. म्हणजे जिंकलेल्या राष्ट्राच्याही घरात युद्ध शिरते आणि कायदा, कर, बोलण्याची मुभा या साऱ्यांची मांडणी बदलून टाकते.

मग जो हरतो त्याचे काय होत असेल? त्याचा दाखला शोधायला समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. सीताबर्डीची टेकडी आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि भोसल्यांचा महाल आपल्या शहराच्या पोटात आहे. नागपूरचे राज्य हे एके काळी असेच तटस्थ राज्य होते. मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्या पहिल्या युद्धात ते बाजूला राहिले, दुसऱ्यात उतरले, आणि त्या उतरण्याने त्याचे जे झाले ते आजही विचार करण्याजोगे आहे.

येथे एक शंका कोणी काढील. भोसले मराठे, पेशवे मराठ्यांचे प्रधान. मग पुण्याचे युद्ध नागपूरला परके कसे? शंका रास्त आहे. पण नागपूरकर भोसले स्वतःला पेशव्यांचे चाकर समजत नव्हते. त्यांना ‘सेनासाहेबसुभा’ हे पद मिळाले ते साताऱ्याच्या छत्रपतींकडून. पहिल्या रघूजींनी बंगालवर स्वाऱ्या करून १७५१ साली अलिवर्दीखानाकडून ओरिसा आणि बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपये पदरात पाडून घेतले, ते स्वतःच्या मनगटावर. उलट त्यांचे पुत्र जानोजी यांच्यावर माधवराव पेशवे फौज घेऊन चालून आले होते. तेव्हा पुण्यात राघोबादादांना गादीवर बसवायचे की बारभाईंनी कारभार करायचा, या भांडणाशी आपल्याला कर्तव्य नाही, असे नागपूरच्या दरबाराला वाटले तर नवल नव्हते. ते युद्ध नागपूरच्या दृष्टीने शेजारघरचे होते.

आता ती तटस्थता कशी होती ते पाहू. १७७५च्या जानेवारीत पाचगावच्या लढाईत साबाजी भोसले पडले आणि मुधोजींकडे कारभार आला. गादीवर त्यांचे पुत्र दुसरे रघूजी होते. त्याच सुमारास पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड लागले. १७७८ साली कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने बंगालची एक फौज जमिनीवरून थेट पश्चिम किनाऱ्याकडे पाठवली. कर्नल गॉडर्ड या फौजेनिशी नर्मदाकाठी होशंगाबादेजवळ थांबला आणि तेथून त्याने नागपूरशी बोलणी लावली. मुधोजी हाती तलवार घेऊन इंग्रजांच्या बाजूला गेले नाहीत, तशी ती फौज त्यांनी अडवलीही नाही. ती सुखरूप बऱ्हाणपुरावरून सुरतेला पोहोचली.

पुढे नाना फडणविसांनी मोठा डाव मांडला. पुणे, निजाम, हैदरअली आणि नागपूर अशा चौघांनी चारी बाजूंनी इंग्रजांवर एकदम उठायचे. त्यात बंगाल ही नागपूरकरांची बाजू. मुधोजींनी नाही म्हटले नाही. त्यांचे पुत्र चिमणाजी सुमारे ३०,००० फौज घेऊन कटककडे निघाले. पण ती फौज अशा बेताने चालली की वाटेतच महिनेच्या महिने गेले. इकडे मुधोजींनी हेस्टिंग्जला आतून कळवले होते की, ही स्वारी पुण्याच्या समाधानापुरती आहे. १७८० साली फौज कटकला पोहोचली आणि तिथेच बसली. तिच्या खर्चाच्या नावाखाली इंग्रजांकडून लाखो रुपये आले. १७८१ साली कर्नल पिअर्सची इंग्रज पलटण ओरिसातून, म्हणजे भोसल्यांच्याच मुलखातून, हैदरशी लढायला मद्रासकडे गेली. देवाजीपंत चोरघडे हे नागपूरचे मुत्सद्दी मराठेशाहीतल्या साडेतीन शहाण्यांपैकी एक पूर्ण शहाणे गणले जात. त्या शहाणपणाच्या हिशेबाने हा सौदा उत्तमच होता : एक माणूस न गमावता पैसा मिळाला, आणि शत्रू कोणीच झाला नाही.

श्रोतेहो, तटस्थतेचे दोन प्रकार असतात. एक प्रकार असा की, राज्य आपले बळ राखते, दोन्ही पक्षांना आपली मर्यादा स्पष्ट सांगते आणि तंटा मिटवण्यासाठी आपले वजन खर्च करते. दुसरा प्रकार असा की, राज्य आपले न लढणे विकते. पहिल्या प्रकारात पत वाढते. दुसऱ्या प्रकारात रोकड वाढते आणि पत खर्ची पडते. मुधोजींची तटस्थता दुसऱ्या प्रकारची होती. त्या रोकडीची मोजदाद दरबारात झाली असेल. खर्ची पडलेल्या पतीची मोजदाद मात्र वीस वर्षांनी झाली.

१७८२ साली सालबाईचा तह झाला. १७८८ साली मुधोजी वारले आणि दुसरे रघूजी स्वतः कारभार पाहू लागले. पुढची वर्षे नागपूरच्या भरभराटीची आहेत. १७९५ साली खर्ड्याच्या मोहिमेत रघूजी पुण्याच्या बाजूने गेले. पण ती मोहीम निजामावर होती, इंग्रजांवर नव्हे. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत होशंगाबाद, मंडला, जबलपूर असा नर्मदाखोऱ्यातला मुलूख नागपूरकडे आला. पूर्वेला कटक आणि जगन्नाथपुरी, पश्चिमेला वऱ्हाडात निजामाबरोबरची दुअंमली, उत्तरेला नर्मदा. राज्याच्या गाभ्यात बाहेरची लढाई क्वचितच आली, म्हणून पेरा वाढला आणि वसूलही वाढला. भोसले मूळचे शेती करणाऱ्या घराण्यातले. पैशाला कठोर असले तरी कुणब्याला ते जपत असत, हे इंग्रज लेखकांनीही कबूल केले आहे.

याच काळात कंपनीने हेन्री कोलब्रुक या आपल्या वकिलाला नागपूरला पाठवले. संस्कृतचा मोठा पंडित म्हणून पुढे गाजलेला तोच हा कोलब्रुक. १७९९ ते १८०१ तो येथे होता. रघूजींनी कंपनीशी करारात यावे ही त्याची खटपट. रघूजींनी त्याचा सत्कार केला आणि करार टाळला. नकार योग्यच होता. पण नकारानंतर काय, हा विचार झाला का? इंग्रजांशी करार करायचा नाही, तर त्यांच्याविरुद्ध उभे राहण्याची तजवीज हवी. पुणे, ग्वाल्हेर आणि इंदूर यांच्याशी पक्की समजूत हवी. १७९९ साली टिपू पडला. त्यानंतर शिंदे, होळकर, भोसले आणि पेशवे या चौघांचा खरा प्रश्न एकच उरला होता, आणि नेमक्या त्याच वेळी शिंदे आणि होळकर एकमेकांची गावे जाळत होते.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला त्यांनी तैनाती फौजेचा तह स्वीकारला. आता मात्र शेजारघरची आग आपल्या आढ्याला लागली, हे रघूजींना कळले. पेशवे इंग्रजांच्या खिशात गेले, म्हणजे चौथाई, सरदेशमुखी आणि निजामाकडची येणी या साऱ्यांचा निवाडा यापुढे इंग्रज करणार. १८०३च्या जूनमध्ये रघूजी आणि दौलतराव शिंदे वऱ्हाडच्या सीमेवर मलकापूरच्या बाजूला भेटले. यशवंतरावांनीही या जुटीत यावे म्हणून रघूजींनी मध्यस्थी केली. यशवंतराव आले नाहीत. ते बाजूला बसून राहिले. तेवीस वर्षांपूर्वी नागपूरने पुण्याला जे दिले, तेच आता इंदूरने नागपूरला दिले.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. ऑगस्टमध्ये अहमदनगर पडले. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असईला आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. तेथे खरे झुंजले ते शिंद्यांचे तोफखाने आणि कवायती पलटणी. रघूजींनी रणांगण लवकर सोडले. त्याच सुमारास दुसरी इंग्रज फौज ओरिसात शिरली. पुरी हातची गेली, आणि १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबाटी किल्ला पडला. नोव्हेंबरमध्ये शिंद्यांनी तहकुबी मागितली. तटस्थतेचे व्यसन असे लवकर सुटत नाही : जोडीने लढायला निघालेले दोघे संकटात आपापला तह पाहू लागले. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला रघूजींचे बंधू व्यंकोजी यांच्या फौजेचा मोड झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग किल्ल्यातच लढता लढता कामास आला. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. ऑगस्ट ते डिसेंबर, अवघे पाच महिने.

तहाने बालासोरसह कटकचा प्रांत गेला आणि बंगाल ते मद्रास असा सलग किनारा इंग्रजांच्या हाती आला. वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड गेले. ते निजामाला मिळाले. एकंदर राज्याचा तिसरा हिस्सा गेला. निजामाशी किंवा पेशव्यांशी वाद निघाला तर निवाडा कंपनी करील, कंपनीच्या शत्रुराष्ट्रांचे युरोपीय लोक चाकरीला ठेवता येणार नाहीत, आणि नागपूरला कंपनीचा रेसिडेंट राहील, ही कलमे वेगळीच. असई आणि अडगावला वेलस्लीच्या घोड्याशेजारी असलेला तरुण माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०४च्या आरंभी रेसिडेंट होऊन नागपुरात दाखल झाला.

नकाशावरचा बदल येथे संपला, आणि घरातला बदल येथून सुरू झाला. तिसरा हिस्सा मुलूख गेला, पण दरबार तेवढाच राहिला, फौजेचा बडेजाव तेवढाच राहिला, मानमरातब तेवढाच राहिला. जे उत्पन्न गेले ते उरलेल्या मुलखातून काढायचे, असे रघूजींनी ठरवले. गावांवरचा धारा चढत गेला, नवेनवे कर बसले. शिपायांचा पगार तटवून ठेवला जाई. मग तटलेल्या पगाराचा शिपाई काय करतो? तो कुणब्याच्या घरात शिरतो. राजाने बाजारात स्वतःची दुकाने घातली, सावकारी केली. ज्या राजाच्या वाडवडिलांचे नाव ऐकून बंगालमध्ये दारे लागत, त्याला त्याचीच रयत ‘बडा बनिया’ म्हणू लागली. रघूजी जन्मतः लोभी होते असे मी म्हणणार नाही. १८०३ पूर्वीचे रघूजी आणि नंतरचे रघूजी ही माणसे एकच. मधे उभे आहे ते हरलेले युद्ध.

त्यात बाहेरची संकटे आली. १८०९ साली अमीरखान पठाण राज्यावर चालून आला, तेव्हा कंपनीची फौज न मागता मदतीला आली. न मागता आलेली मदत सर्वांत महाग पडते, हे प्रापंचिक माणसाला सांगायला नको. १८११ साली पेंढारी थेट नागपूरपर्यंत आले आणि त्यांनी शहराबाहेरच्या वस्त्या जाळल्या. आपल्या भागात गावोगावी मातीच्या गढ्या दिसतात, ढासळलेल्या आणि वर बाभळी उगवलेल्या. त्यांतल्या पुष्कळशा या काळातल्या आहेत. पेंढारी आल्याची हाकाटी झाली की बायकापोरे आणि गुरे घेऊन गावकरी गढीत शिरत आणि तेथून जिवावर उदार होऊन लढत. भिंतीबाहेरचे पीक, घर, गवताची गंजी गेलीच असे धरून चालायचे. देवगावच्या तहावर सही झाली ती दरबारी वकिलाची. त्या तहाची किंमत मात्र या गढ्यांत चुकती होत होती.

तरी रघूजींचा एक गुण नोंदवल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. एल्फिन्स्टन आणि त्याच्यामागून आलेला जेंकिन्स यांनी पुष्कळ खटपट केली, पण तैनाती फौज त्यांनी मरेपर्यंत घेतली नाही. २२ मार्च १८१६ रोजी ते वारले, आणि दोन-अडीच महिन्यांच्या आतच आप्पासाहेबांनी आपला कारभार पक्का करण्यासाठी गुपचूप तो तह केला. त्या फौजेसाठी वर्षाला साडेसात लाख रुपये देण्याचे ठरले. एका माणसाच्या हट्टावर तगलेले स्वातंत्र्य त्या माणसाबरोबर गेले, कारण हट्टामागे उभी राहील अशी तिजोरी, फौज किंवा संतुष्ट रयत उरली नव्हती. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर शेवटचा प्रयत्न झाला आणि फसला. १६ डिसेंबरला शहराबाहेर पुन्हा मोड झाला. आप्पासाहेब कैद झाले, निसटले आणि परमुलखात, जोधपूरला, १८४० साली वारले. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले, आणि १८५४ साली डलहौसीने राज्यच खालसा केले. देवगावपासून खालसापर्यंत पन्नास वर्षे लागली. पण राज्य चालवण्याचा अधिकार घरातून निघाला तो देवगावलाच.

मग काय, रघूजींनी १८०३ सालीही तटस्थच राहायला हवे होते? पुष्कळ लोक असा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. १८०३ साली न लढणाऱ्याचे काय झाले ते यशवंतराव होळकरांकडे पाहा. शिंदे आणि भोसले आडवे झाल्यावर १८०४ साली त्यांना एकट्याला लढावे लागले. ते मोठ्या शौर्याने लढले, इंग्रजांना त्यांनी हैराण केले, आणि १८०५च्या डिसेंबरात राजघाटला त्यांनाही तह करावा लागला. १७८० साली भोसले बाहेर, १८०३ साली होळकर बाहेर, १८०४ साली शिंदे आणि भोसले बाहेर. प्रत्येकाने आपापल्या पाळीला तटस्थता साधली आणि प्रत्येकजण आपापल्या पाळीला एकटा सापडला. रघूजींचे १८०३ सालचे लढणे चूक नव्हते. चूक होती ती त्याआधीच्या वीस वर्षांची : ना मैत्री जोडली, ना फौज नव्या पद्धतीने सजवली, ना शिंदे-होळकरांचा तंटा वेळेवर मिटवला. जूनमध्ये मलकापूरला जी मध्यस्थी केली, ती दहा वर्षे आधी करायला हवी होती. युद्धात उतरायचा क्षण त्यांनी निवडला असे दिसते. खरे म्हणजे तो हडपसरला आणि वसईला दुसऱ्यांनी निवडला होता.

आता अमेरिका आणि नागपूर एकाशेजारी एक ठेवून पाहा. एक जिंकली, एक हरले. पण दोन्हीकडे युद्धाने पहिला हात घातला तो घरच्या तिजोरीला आणि दुसरा घरच्या माणसाला. फरक पडला तो तटस्थतेच्या वर्षांत काय कमावले होते याने. अमेरिकेजवळ कारखाने होते आणि लढणाऱ्या राष्ट्रांना दिलेले कर्ज होते. करांचा बोजा ज्यांच्यावर पडला, त्यांना प्रतिनिधींमार्फत जाब विचारण्याची सोय होती. डेब्जसाहेबांची सजाही १९२१ साली नव्या अध्यक्षाने माफ केली. नागपूरच्या कुणब्याला जाब विचारायची सोय नव्हती. त्याच्याजवळ होती ती गढी.

आज आपण राजांची रयत नाही. युद्ध आणि तटस्थता यांचा निर्णय ज्या सभागृहात होतो, तेथे माणसे पाठवणारे आपणच आहोत. म्हणून जगात कोठे आग लागली की ‘आपण यात पडायचे की नाही’ एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. आपण बाहेर आहोत ते कशाच्या बळावर, या शांत वर्षांत आपण काय जोडतो आहोत, आणि उद्या उतरावे लागले तर त्याचा भार कोणाच्या अंगणात पडणार आहे, हे प्रश्न शांततेच्या काळातच विचारायचे असतात. युद्ध सुरू झाल्यावर ते विचारणाऱ्याला कोणी उत्तर देत नाही. कधी कधी तुरुंगात टाकतात.